करवीरची खापरे आणि आजीची उतरंड

कोल्हापूरचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम राजे उभे राहतात. शिलाहारांचा गंडरादित्य, पन्हाळ्यावरून राज्य करणारा दुसरा भोज, पडत्या काळात मराठी राज्य सावरून धरणारी महाराणी ताराबाई आणि १८९४ पासून १९२२ पर्यंत राज्य करून समाजाची घडीच बदलू पाहणारे शाहू छत्रपती, ही नावे कोणाही सुशिक्षित वाचकास परिचित आहेत. त्यांचे ताम्रपट वाचले गेले, शिलालेखांचे ठसे घेतले गेले, सनदा व पत्रे छापून निघाली. हे सर्व व्हावयास हवेच होते. परंतु ज्या नगरात हे राजे नांदले त्या नगरातल्या चुलीवर काय शिजत होते, पाणी कशात साठवीत, दूध कशात तापवीत आणि दाणे कशात भरून ठेवीत, हे ताम्रपट सांगत नाहीत. ते सांगू शकतील अशी मुख्य साधने दोन: एक जमिनीत पुरलेली खापरे, आणि दुसरे आजीची आठवण. पहिल्या साधनाचा आपल्याकडे शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू होऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. दुसऱ्याकडे इतिहासकारांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही. ही दोन्ही साधने एकमेकांवाचून लंगडी आहेत, आणि त्यांतले दुसरे फार काळ आपली वाट पाहत थांबणार नाही, एवढेच या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे.

पहिल्या साधनापासून आरंभ करू. शहराच्या वायव्येस पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. या टेकडीवर राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या हाती काशाच्या वस्तूंचा एक संच लागला. त्यापाठोपाठ १९४५–४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया व मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथे रीतसर उत्खनन केले, आणि त्याचा वृत्तान्त १९५२ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्या काळातील वस्ती व तिच्यावर अनेक शतकांनंतरची बहमनी काळातील वस्ती, असे थर तेथे उलगडले. कुंदणगारांच्या संचात पोसायडन या पाश्चात्त्य समुद्रदेवतेची वीतभरही उंच नसलेली एक सुबक मूर्ती होती. दोन हजार वर्षांपूर्वी करवीरचा संबंध रोमच्या व्यापाराशी होता याची ती मूर्तिमंत साक्ष. कार्ल खंडालावाला यांनी १९६० साली या संचावर विस्तृत लेख लिहिला, आणि तो ‘कुंदणगार-संचय’ या नावाने विद्वानांत प्रसिद्ध झाला. आज ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे आणि येणारा प्रत्येक प्रेक्षक तिच्यासमोर थबकतो.

थबकावे अशीच ती मूर्ती आहे. तथापि त्याच टेकडीतून निघालेल्या मातीच्या भांड्यांपुढून तोच प्रेक्षक भरभर पुढे जातो, हे आम्ही विद्यार्थ्यांना तेथे नेतो तेव्हा दर वेळी पाहतो. वास्तविक पोसायडन हा त्या नगरात आलेला पाहुणा होता. तो कोणा एका श्रीमंताच्या घरी उतरला असेल. मडकी मात्र घरोघरची होती. मडके फुटले म्हणजे त्याची किंमत शून्य होते, म्हणून कोणी ते वितळवीत नाही, चोरीत नाही, वारसांत वाटून घेत नाही. ते उकिरड्यावर जाते आणि तेथे कुजत नाही, गंजत नाही. याच कारणाने राजाच्या सिंहासनाचा मागमूस उरत नाही तेथे गरिबाच्या गाडग्याचा काठ शिल्लक राहतो. पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्या काठाच्या वळणावरून मूळ भांड्याचा घेर काढतो, रंगावरून भाजणीची तऱ्हा ओळखतो, आणि कोणत्या थरात कोणती खापरे आली यावरून वस्तीचा काळ ठरवितो. मातीतील लोहाला आव्यात मोकळी हवा मिळाली तर भांडे लाल होते. हवा कोंडून धूर आत राहिला तर काळे होते. आतून काळी व बाहेरून तांबडी अशी भांडी दख्खनमध्ये ठिकठिकाणी सापडतात. ती भाजणाऱ्या कारागिराला हवेची व धुराची ही किमया पुरती अवगत होती, हे उघड आहे. १९९० नंतरच्या काळात तर खापराच्या छिद्रांत मुरलेला स्निग्धांश रसायनशाळेत वेगळा काढून त्यात दूध तापले की मांस शिजले याचाही अंदाज बांधण्याची विद्या पाश्चात्त्य देशांत पुढे आली, आणि आता सिंधुसंस्कृतीच्या खापरांनाही ती लावण्यात आली आहे.

इतके असूनही या शास्त्राला एका ठिकाणी थांबावे लागते. खापरावरून आकार कळतो, त्याचे नाव कळत नाही. ते चुलीवर चढले होते हे काजळीवरून समजते. पण ते कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या जिनसासाठी राखून ठेवले होते, एका घरात अशी पाच भांडी का लागत, एकाचे काम दुसऱ्याला का चालत नसे, हे समजत नाही. मग अहवालात ‘रुंद तोंडाचे पात्र’, ‘उथळ थाळी’, ‘साठवणीचे मोठे भांडे’ अशी वर्णने येतात. ती अचूक असतात, पण त्यांत घर दिसत नाही. हे घर पाहावयाचे तर दुसऱ्या साधनाकडे, म्हणजे आजीकडे, वळले पाहिजे.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दूर, भिंतीच्या कोपऱ्यात उतरंड होती. खाली सर्वांत मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, असे करीत वर अगदी मुठीएवढे बोळके. ‘उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा’ ही म्हण आपण पोकळ डौलाला हसण्यासाठी वापरतो; परंतु उतरंड हे घराचे कोठार होते आणि तिच्यावरून घराची स्थिती ओळखली जाई, ही माहिती त्या म्हणीत सहज आलेली आहे. कोणत्या मडक्यात काय हे आजीला अंधारातही ठाऊक असे, कारण तिची बोटे आकार ओळखीत. पाणी आणावयाची ती घागर, साठवावयाचा तो रांजण, ताक घुसळावयाचा तो डेरा. गाडगे मडक्याहून लहान, बोळके त्याहून लहान. परळ उथळ व पसरट. ताकाचे मडके दुधाला चालत नसे आणि दुधाचे ताकाला तर नाहीच. यात सोवळेपणापेक्षा अनुभव अधिक होता. मातीच्या भांड्याच्या अंगात जे मुरते ते धुण्याने जात नाही, आणि दुधात ताकाचा अंश मिसळला तर ते नासते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, मातीच्या भांड्यात कळकत नाही; म्हणून घरात धातूची भांडी आल्यावरही आंबट पदार्थांपुरते गाडगे पुष्कळ वर्षे टिकून राहिले.

नवे मडके आणल्याबरोबर आजी ते चुलीवर चढवीत नसे. ते दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावयाचे, मग त्यात कण्यांची पातळ पेज शिजवावयाची, आणि तीही मंद आंचेवर. पेजेचा चिकटा मडक्याच्या छिद्रांत बसला की मडके पाझरत नाही व एकाएकी तडकत नाही. उलट पाण्याच्या माठाची छिद्रे मोकळीच राहावी लागतात. त्यांतून पाझरलेले पाणी बाहेर सुकते तेव्हा आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार राहते. म्हणजे एकाच मातीच्या दोन भांड्यांना ती दोन उलट प्रकारांनी वागवीत होती, आणि का, हे तिला बरोबर माहीत होते. स्निग्धांश शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने खापराच्या छिद्रांत पिष्टाचा अंश पाहिला तर तो शेवटच्या स्वयंपाकाचा की पहिल्या दिवशीच्या पेजेचा, हा प्रश्न त्याला आजीशी बोलल्यावाचून सुचणे कठीण.

या भांड्यांच्या नावांतही इतिहास दडलेला आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची; महाराष्ट्र-शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोहोंत या नावांना जागा मिळाली आहे. त्यांतील ‘घडा’ हा संस्कृत ‘घट’ शब्दाचा उघड वंशज आहे. संक्रांतीच्या ‘सुगडा’त ‘सुघट’ आहे असे मानतात. ‘रांजण’ हा शब्द अमरकोशातल्या ‘अलिंजर’ या शब्दाशी विद्वान जोडतात, आणि अलिंजर म्हणजेही पाण्याचे मोठे भांडेच. उलट ‘मडके’ म्हटले की कन्नड ‘मडके’ आठवतो व ‘गाडगे’ म्हटले की ‘गडिगे’. कोल्हापूरसारख्या, दोन भाषांच्या शिवेवर वसलेल्या नगरात हे घडले यात नवल नाही. राज्यांच्या सीमा तहांनी बदलल्या. पण उतरंडीवर संस्कृत वंशाचा घडा आणि कन्नड सोयऱ्याचे गाडगे एकावर एक सुखाने बसले होते. दोन समाजांचा शेजार किती जुना आणि किती घरगुती आहे याचा याहून बोलका पुरावा राजदप्तरात क्वचितच सापडेल.

आतापर्यंत आम्ही भांडी वापरणाऱ्या आजीविषयी बोललो. भांडी घडविणाऱ्या घरातही एक आजी असते, आणि तिचा विचार तर त्याहून कमी झाला आहे. बारा बलुतेदारांत कुंभाराचे स्थान सर्वश्रुत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे मर्मग्राही वर्णन केले आहे. कुंभार म्हटला की चाक फिरविणारा पुरुष आपल्या मनात येतो, आणि ते साहजिक आहे; कारण स्त्रीने चाकाला हात लावावयाचा नाही हा दंडक भारताच्या बहुतेक भागांतल्या कुंभारांनी पाळला. परंतु चाकावर भांड्याचा जन्म होतो तो अर्धाच. चाकावरून उतरलेले मडके जाड भिंतीचे असते आणि पुष्कळदा त्याला बूडही नसते. ते किंचित सुकल्यावर आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने चोपीत चोपीत त्याची भिंत पातळ करावयाची, पोट फुगवावयाचे आणि बूड मिटवावयाचे. हे सारे हाताचे काम. त्याच्याआधी माती आणणे, कुटणे, चाळणे, तीत राख किंवा लीद मिसळून मळणे, त्यानंतर भांडी उन्हात फिरवीत सुकविणे, रंग देणे, आवा रचण्यास हात लावणे, आणि अखेरीस पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, यांत कुंभारणीचा वाटा मोठा. चूल, शेगडी व मातीची खेळणी चाकावाचूनच होतात, आणि ती घडविण्यात तिचाच हात अधिक.

‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच’ अशी आपल्याकडे म्हण आहे. नवी सून लाजून घरात बसली तरी राखेसाठी आणि आव्याच्या जळणासाठी तिला उकिरड्याची वाट धरावीच लागेल, हा तिचा साधा अर्थ. लोकांनी ती थट्टेने म्हटली. इतिहासाच्या अभ्यासकाने ती पुरावा म्हणून वाचावी. बलुत्याच्या हिशोबात कुंभार हा एक असामी धरला जाई, पण कुंभारकाम हे सबंध कुटुंबाचे होते आणि सून घरात येणे म्हणजे कामाचे दोन हात येणे, हे या म्हणीइतके स्पष्ट दुसरीकडे नोंदलेले आम्हांस तरी ठाऊक नाही.

चाक आणि हात यांतील हा भेद फार जुना आहे. मैत्रायणी संहितेत अग्निहोत्राचे दूध ज्यात तापवावयाचे ती स्थाली चाकावर केलेली नसावी असे सांगितले आहे. कुलालाने चाकावर फिरविलेले पात्र असुरांचे आणि चाकाविना घडविलेले देवांचे, असा तेथे विवेक आहे. शतपथ ब्राह्मणात अग्निचयनाच्या विधीत ‘उखा’ नावाचे पात्र मातीचे पट्टे एकावर एक चढवून हाताने करावयास सांगितले आहे, आणि त्या प्रसंगीची ‘अषाढा’ नावाची वीट यजमानाच्या पट्टराणीने आपल्या हाताने घडवावयाची आहे. बाजारासाठी चाक आणि देवासाठी हात, अशी ही वाटणी दिसते. यावरून वैदिक काळी भांडी स्त्रियाच घडवीत असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. परंतु हाताने घडविणे ही चाक न मिळालेल्याची अडचण नसून तिला स्वतंत्र प्रतिष्ठा होती, एवढे या वचनांवरून निश्चित म्हणता येते.

ती प्रतिष्ठा आपल्या सणावारांत अजून शिल्लक आहे. आषाढात बेंदूर आला की कोल्हापूर भागात कच्च्या मातीचे बैल घरोघर पूजिले जातात. त्यामागून नागपंचमीचा नाग, भाद्रपदातला गणपती, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या आणि पौषातली सुगडे अशी मातीची मालिका वर्षभर चालते. लग्नात बोहल्याभोवती मडक्यांच्या उतरंडी मांडल्या जातात, आणि माणसाच्या अखेरच्या प्रवासात पुढे चालणाऱ्याच्या हाती विस्तवाचे मडके असते. या मालिकेतील बैल, नाग व गणपती यांना चाक लागत नाही. बैल व नाग तर आव्यातही जात नाहीत. हातांनी घडवावे, पूजावे आणि पाण्यात सोडावे अशी ती कला आहे. म्हणून तिचा पुरावा जमिनीत क्वचितच उरतो.

क्वचित मात्र उरतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लांबट पेटी सापडली. तीत एक स्त्रीमूर्ती होती, आणि पेटीच्या झाकणावर शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. या मूर्ती कच्च्या मातीच्या, हाताने घडविलेल्या आहेत. त्याच गावात अकाली गेलेल्या मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत घालीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. इनामगावच्या बैलाचा आणि बेंदराच्या बैलाचा अखंड वंश जोडून दाखविता येणार नाही; मधली शतके फार आहेत. परंतु तो बैल पाहताना बेंदराचे बैल घडविणाऱ्या एखाद्या वृद्ध कुंभारणीला शेजारी उभे करावे, आणि ‘बाई, हा करावयाचा तर पहिल्याने काय कराल, पाय की पाठ?’ असे विचारावे, असे आम्हांस फार वाटते. तिच्या उत्तराने काळ ठरणार नाही. पण मातीवरील बोटांच्या खुणा कोणत्या क्रमाने पडल्या असाव्यात हे शास्त्रज्ञाला तिच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?

असे प्रश्न विचारावयाचे तर त्वरा केली पाहिजे, कारण तिच्या घरातून हे काम निघून चालले आहे. त्याचे सर्व खापर स्टीलच्या भांड्यांवर फोडण्याची आपल्याला सवय आहे. पण पहिला घाव त्याच्या फार पूर्वी बसला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबून काढलेली ती चपटी कौले हळूहळू सर्वत्र पसरली, आणि कुंभाराच्या देशी कौलांची मागणी गेली. पुढे पितळ, मग जर्मनची हलकी भांडी, मग स्टील, मग प्लास्टिक, अशी एकामागून एक आक्रमणे उतरंडीवर झाली. नळ आला आणि रांजण रिकामा झाला; गॅसची शेगडी आली आणि बुडाशी गोल असलेले मडके बसवावयास जागाच उरली नाही. कोल्हापूरच्या कुंभारांनी या परिस्थितीतून वाट काढली नाही असे नाही. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, गंगावेशीत, बापट कॅम्पात गणेशमूर्तींचे काम मोठ्या प्रमाणावर चालते आणि त्या मूर्ती दूरवर जातात. परंतु साच्यात ओतलेल्या प्लास्टरच्या मूर्तीला ना चाकाची विद्या लागते, ना थापटण्याची, ना आव्याची. कुंभाराचे घर चालते, पण कुंभारकामाची विद्या नातवापर्यंत पोहोचत नाही. त्यातच पंचगंगेचे २०१९ व २०२१ सालचे महापूर ऐन मूर्तिकामाच्या हंगामात आले. ज्या नदीने माती दिली तिनेच तयार मालावर पाणी फिरविण्याचा प्रसंग आणावा, हा दैवदुर्विलास होय. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी संस्था आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु संस्थेत तंत्र शिकता येते, एका गावच्या एका गाडग्याला काय म्हणत व ते कशासाठी करीत, हे त्या गावच्या आजीकडूनच शिकावे लागते.

खापर आणि आजी यांची वेळेवर गाठ पडली तर काय होऊ शकते याचे एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात होपी लोकांच्या टेकडीवर हानो नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८५९ च्या सुमारास जन्मलेली नाम्पेयो नावाची एक स्त्री मडकी घडविण्यास शिकली ती आपल्या आजीपाशी. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत कुंभाराचे चाक नव्हते. मातीच्या वळ्या एकावर एक बसवून भांडे उभे करावयाचे आणि हे काम तिच्या समाजात स्त्रियांचे होते. त्या काळी तेथेही आयत्या भांड्यांचा सुळसुळाट होऊन ही कला हलक्या दर्जाला आली होती. जवळच सिक्यात्की नावाच्या ओसाड गावाचे अवशेष होते. फ्यूक्स या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने १८९५ साली तेथे उत्खनन केले आणि नाम्पेयोचा नवरा त्या कामावर होता. तेथील शेकडो वर्षांपूर्वीच्या खापरांवरची नक्षी नाम्पेयोने पाहिली, मनात साठविली, आणि आजीने शिकविलेल्या हातांनी पुन्हा मातीवर आणली. खापराने तिला रूप दिले आणि आजीने कृती. पुढे तिची दृष्टी गेली, तरी १९४२ साली मृत्यू येईपर्यंतच्या त्या वर्षांत ती केवळ स्पर्शाने भांडी घडवी, आणि मुली त्यांवर रंग भरीत. तिच्या मुली, नाती आणि पणती यांनी ती विद्या पुढे चालविली. आज ती भांडी मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत आहेत. केवळ खापर असते तर नक्षीची नक्कल झाली असती, आणि केवळ आजी असती तर त्या गावच्या इतर स्त्रियांप्रमाणे तीही ओबडधोबड भांडी करून बाजारात नेत राहिली असती.

ब्रह्मपुरीचे उत्खनन झाले तेव्हा कोल्हापुरात चाके फिरत होती, आवे धुमसत होते आणि टेकडीपासून हाकेच्या अंतरावरच्या घरांत उतरंडी उभ्या होत्या. सांकलिया व दीक्षित यांनी आपले काम चोख केले. थर आणि काळ प्रथम ठरविणे हेच त्या वेळी अगत्याचे होते, आणि त्यांच्या श्रमांवरच पुढचे सर्व उभे आहे. पण त्यांनी मिळविलेली खापरे घेऊन गंगावेशीतल्या कुंभारणीकडे जाणे, हे पुढच्या पिढ्यांचे, म्हणजे आम्हां प्राध्यापक मंडळींचेही, काम होते. महाविद्यालयात फळ्यावर या भांड्यांचे आकार काढून आम्ही नावे विचारतो तेव्हा माठ, पणती आणि कुंडी यांपलीकडे बहुतेक विद्यार्थ्यांची गाडी जात नाही. दोष त्यांचा नाही. त्यांच्या आयांनीही डेरा पाहिलेला नसतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आठवण हे साधन फार कच्चे आहे. आजीला स्वतःच्या लग्नाचे साल सांगता येत नाही, तिच्या शब्दावरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघराविषयी अनुमान कसे काढावे? आक्षेप रास्त आहे. सातवाहनकालीन कुटुंबिनी आणि आपली आजी यांच्या मध्ये धान्ये बदलली, मिरची आणि बटाटा परदेशातून आले, राज्ये आली आणि गेली. आकार तोच म्हणून उपयोगही तोच, असे धरून चालणे हा तर्कदोष होईल. तथापि आजीला आपण साल विचारावयाचे नाही. छिद्रे कशी बुजवावी, कोणत्या बुडाला आंच कशी लागते, दुधाच्या मडक्याचा काठ आत वळलेला का असावा, हे तिला विचारावयाचे. माती, पाणी आणि विस्तव यांचे स्वभाव सातवाहनांच्या काळी होते तेच आजही आहेत, आणि त्यांच्याविषयीची साक्ष तिने रोज हात भाजून मिळविलेली आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चे मडके कोणते ते ओळखल्याची कथा आपण सर्व जाणतो. तेरचा तो कुंभार संतपदाला पोहोचला. पण मडके घेताना बोटाच्या पेराने वाजवून त्याच्या नादावरून ते पक्के की कच्चे हे ठरविण्याची परीक्षा आपल्या घरच्या आज्या प्रत्येक बाजाराला करीत होत्या. तशीच परीक्षा त्यांच्या आठवणींची करावी. एकीचे सांगणे दुसरीच्या सांगण्याशी, दोघींचे कोशातल्या नोंदीशी आणि त्या सर्वांचे खापराशी ताडून पाहावे. जे कच्चे निघेल ते बाजूला ठेवावे.

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. वस्तुसंग्रहालयातील भांड्यांची चित्रे घेऊन कोणी अभ्यासू तरुणांनी करवीर, पन्हाळा, कागल, गडहिंग्लज या भागांतील वृद्ध स्त्रियांकडे जावे. प्रत्येक आकाराला तिच्या गावी काय म्हणत, त्यात काय ठेवीत, तो कोठून येई व त्याचे मोल काय देत, हे तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. कुंभारणींना मातीची जात, मिसळण्याचे प्रमाण, थापटण्याचा क्रम व आवा रचण्याची रीत विचारावी, आणि शक्य तेथे ते हात काम करीत असताना त्यांचे चलच्चित्र घ्यावे. संग्रहालयात ‘रुंद तोंडाचे पात्र’ या चिठ्ठीखाली आणखी एक ओळ लिहिण्यास जागा असते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजी, पणजी किंवा थोरली मावशी अद्याप आहे त्यांनी मात्र तरुण अभ्यासकाची वाट पाहू नये. एखाद्या दुपारी तिच्यापाशी वही घेऊन बसावे, उतरंडीचे चित्र तिलाच काढावयास सांगावे, आणि ती खालून वर ज्या क्रमाने नावे घेईल त्याच क्रमाने ती लिहून ठेवावीत.